पारा आणि मज्जासंस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऱ्याबद्दलची बरीचशी भीती चुकीच्या ठिकाणी खर्च होते आणि जिथे खरंच घाबरायला हवं तिथे कुणी लक्ष देत नाही. कारण ‘पारा’ म्हणजे एकच विष असं आपण धरून चालतो. थर्मामीटरमधला चकाकता पारा, त्याची न दिसणारी वाफ, पाऱ्याचे क्षार आणि माशात साठणारा मिथाइल पारा, हे शरीरात चार वेगळ्या पदार्थांसारखे वागतात. म्हणून कुठल्याही उत्तराआधी दोन गोष्टी विचाराव्या लागतात: पारा कोणता, आणि तो कोणत्या वाटेने शरीरात गेला?

मुलाने थर्मामीटर चावला आणि पारा गिळला. आता काय?

पाऱ्यापेक्षा काचेची काळजी करा. गिळलेल्या धातुरूप पाऱ्यापैकी दहा हजारांत एक भागसुद्धा आतड्यातून रक्तात जात नाही. तो जसाच्या तसा शौचावाटे बाहेर पडतो. ओकारी काढायला लावू नका, मीठपाणी पाजू नका. तोंडात काच रुतली आहे का ते पाहा आणि डॉक्टरांना दाखवा. आणि थर्मामीटरमधला उरलेला पारा कुठे गेला, ते लगेच शोधा.

गिळलेला चालतो, मग जमिनीवर सांडलेला का नाही?

कारण तो वाफ होऊन फुप्फुसात जातो, आणि फुप्फुसं आतड्यासारखी त्याला अडवत नाहीत. श्वासातून आत गेलेल्या पाऱ्याच्या वाफेपैकी सुमारे ८० टक्के वाफ रक्तात उतरते. साध्या तापमानालाच पारा सतत वाफ सोडत असतो. २० अंश सेल्सियसला बंद जागेतली हवा वाफेने पूर्ण भरली, तर एका घनमीटरात १३–१४ मिलिग्रॅम पारा असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने वर्षभराच्या सरासरीसाठी सुचवलेली मर्यादा एका घनमीटराला १ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे दहा हजार पटींहून कमी. विदर्भातल्या मे महिन्यात, ४० अंशाला, पाऱ्याचा बाष्पदाब २० अंशाच्या सुमारे पाचपट होतो. खोली खरोखर इतकी भरत नाही, वारा असतोच. पण फटीत अडकलेला थेंब महिनोन् महिने वाफ सोडत राहतो, आणि जमिनीलगत रांगणारं बाळ ती सगळ्यात जास्त घेतं.

एका थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. तो नीट गोळा केला आणि खोली हवेशीर ठेवली, तर एवढ्याने कुणाची मज्जासंस्था बिघडत नाही. आधी मुलांना आणि गरोदर बाईला खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा. हातमोजे घालून जाड पुठ्ठ्याने थेंब एकत्र ढकला, ड्रॉपरने ओढून घ्या, बारीक कण चिकटपट्टीने उचला. सगळं घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा. केरसुणी मारू नका, थेंबाचे शंभर थेंब होतात. व्हॅक्युम क्लीनर तर मुळीच नको. तो पारा गरम करून खोलीभर उडवतो. मोरीत टाकणं हा सगळ्यात वाईट उपाय, आणि नेमका तोच सर्रास केला जातो.

ही वाफ मेंदूपर्यंत पोहोचते कशी?

वाफेतला पारा विद्युतभाररहित आणि स्निग्ध पदार्थांत विरघळणारा असतो, त्यामुळे पेशींची आवरणं त्याला रोखू शकत नाहीत. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा अडसर तो सहज ओलांडतो. आत गेल्यावर कॅटलेज नावाचं विकर त्याचं ऑक्सिडीकरण करतं आणि तो भारित होतो. भारित पाऱ्याला तो अडसर परत ओलांडता येत नाही. म्हणजे येताना दार उघडं, जाताना बंद. रक्तातला आणि लघवीतला पारा कमी झाला तरी मेंदूतला हा साठा वर्षानुवर्षं राहू शकतो, तो यामुळेच.

वाफेच्या विषबाधेत माणसाला नेमकं काय होतं?

आधी स्वभाव बदलतो. माणूस बुजरा होतो, अनोळखी माणसासमोर घाबरतो, चारचौघांत बोलायचं टाळतो आणि मध्येच विनाकारण भडकतो. झोप उडते, विसराळूपणा वाढतो. बोटांना, पापण्यांना, ओठांना बारीक कंप सुटतो आणि मग हस्ताक्षर बिघडतं. हिरड्या सुजतात, तोंडाला लाळ सुटते. युरोप-अमेरिकेत फेल्टच्या टोप्या करणारे कारागीर सशासारख्या प्राण्यांच्या केसांचा घट्ट फेल्ट बनावा म्हणून मर्क्युरिक नायट्रेट वापरत, आणि त्यांच्यात ही लक्षणं इतकी नेहमीची होती की अमेरिकेतल्या डॅनबरी गावात त्या कंपाला गावाचंच नाव पडलं. तिथे टोप्यांसाठी पाऱ्याचा वापर १९४१ मध्ये थांबला.

आपल्याकडे हा धोका सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. सोनाराच्या दुकानातला केर धुऊन त्यातले सोन्याचे कण वेगळे करणारे झारेकरी पाऱ्यात सोनं धरतात आणि मग पारा तापवून उडवतात. हे काम राहत्या घराच्या मोरीत किंवा पोटमाळ्यावर होत असेल, तर ती वाफ घरातल्या सगळ्यांच्या छातीत जाते. जगभर हाताने सोनं काढणाऱ्या छोट्या खाणींचीही हीच रीत आहे. हवेत पारा सोडणाऱ्या मानवी उद्योगांत तोच आज पहिल्या क्रमांकावर आहे, दगडी कोळशाच्याही वर.

कोडाईकनालचं प्रकरण याच प्रकारचं ना?

हो. तमिळनाडूतल्या या डोंगरगावात थर्मामीटर बनवायचा कारखाना अमेरिकेतल्या वॉटरटाउनहून उचलून आणून १९८०च्या दशकात उभा केला गेला; पुढे तो हिंदुस्तान लीव्हरकडे आला. पाऱ्याने माखलेली फुटकी काच भंगारवाल्याच्या अंगणात सापडल्यावर २००१ मध्ये तो बंद पडला. कामगारांच्या आजारांचा संबंध कारखान्याशी असल्याचं कंपनीने कायम नाकारलं. २०१६ मध्ये ५९१ माजी कामगारांशी तडजोड झाली. अशा प्रकरणांत पुरावा उभा करणं फार अवघड जातं. विसराळूपणा, चिडचिड, कंप यांना शंभर कारणं असतात, आणि कामगार ज्या काळात वाफ घेत होता त्या काळातला रक्ताचा रिपोर्ट नंतर मिळवता येत नाही. कामाच्या जागी लघवीची नियमित तपासणी हवी असं म्हणतात ते यासाठीच.

मिथाइल पारा जास्त घातक का मानतात?

तो आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषला जातो आणि वेष पालटून मेंदूत शिरतो. नदी-खाडीच्या गाळातले जिवाणू साध्या पाऱ्याला कार्बनची एक छोटी शेपटी जोडतात, त्यातून मिथाइल पारा तयार होतो. शरीरात गेल्यावर तो सिस्टीन या अमिनो आम्लातल्या गंधकाला चिकटतो, आणि ही जोडी हुबेहूब मिथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लासारखी दिसते. मिथिओनिन मेंदूला लागतंच, त्यामुळे ते आत नेणारी वाहक प्रथिनं या तोतयालाही आत घेतात. दुसऱ्याचा पास दाखवून लोकलच्या फर्स्ट क्लासमध्ये चढण्यातलाच प्रकार. विषाला अडवते असं आपण समजतो ती वारही (प्लॅसेंटा) याच वाटेने ओलांडली जाते.

आत गेल्यावर एकाच जागी बिघाड होत नाही. पाऱ्याला गंधकाची ओढ आहे आणि सेलेनियमची त्याहून जास्त. पेशींना ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवणारी काही महत्त्वाची विकरं सेलेनियमवर चालतात. पारा त्यांनाच निकामी करतो. चेतापेशींच्या शेजारी असलेल्या आधारपेशींचं एक काम म्हणजे ग्लुटामेट हे संदेशद्रव्य वापरून झालं की उचलून घेणं. ते काम थांबलं की ग्लुटामेट साचतं, चेतापेशी सतत उत्तेजित राहते, तिच्यात कॅल्शियम भरतं आणि ती मरते. शिवाय पेशीचा सांगाडा असलेल्या सूक्ष्मनलिका पाऱ्यामुळे विस्कटतात. मोठ्या माणसात याने पेशीतली वाहतूक बिघडते, पण गर्भात तर पेशींचं विभाजन आणि मेंदूत आपापल्या जागी जाण्याचा त्यांचा प्रवासच अडतो.

मिनामाटात काय घडलं होतं?

जपानच्या क्युशू बेटावरच्या मिनामाटा गावात चिस्सो कंपनी १९३२पासून ॲसिटाल्डिहाइड बनवत होती. त्यासाठी पाऱ्याचा क्षार उत्प्रेरक म्हणून वापरत. प्रक्रियेतच मिथाइल पारा तयार होई आणि सांडपाण्याबरोबर खाडीत जाई. १९५०च्या दशकात मासे तरंगू लागले, आणि कोळीवाड्यातली मांजरं गिरक्या घेत, झटके येऊन मरू लागली. माशांची आतडी-डोकी मांजरांच्याच वाट्याला येतात, त्यामुळे त्यांना आधी कळलं. मग माणसं: बोटं आणि ओठ बधिर, बटणं लावता येत नाहीत, चाल झोकांड्या खाणारी, बोलणं अडखळणारं. नजर कडेकडून मिटत जाऊन नळीतून पाहिल्यासारखं दिसू लागलं. कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी अज्ञात मेंदुविकाराची साथ असल्याचं कळवलं. हीच या आजाराची अधिकृत नोंद.

यापुढचं वाचताना चीड येते. १९५९ मध्ये होसोकावांनी एका मांजराला कारखान्याचं सांडपाणी मिसळलेलं अन्न दिलं; ते मांजर त्याच रोगाने आजारी पडलं. कंपनीने हा निष्कर्ष दाबला. त्याच डिसेंबरात रुग्णांना तुटपुंजी ‘सहानुभूतीची रक्कम’ देऊन करार केले आणि मोठ्या थाटात सांडपाणी शुद्धीकरण यंत्र बसवलं, जे सेंद्रिय पारा काढण्यासाठी नव्हतंच. १९६५ मध्ये निगाता इथे आगानो नदीकाठी दुसऱ्या कंपनीमुळे तीच कहाणी पुन्हा घडली. चिस्सोची ती प्रक्रिया मे १९६८मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षी सरकारने कारण मान्य केलं. नोंद आणि कबुली यांत १२ वर्षं गेली, आणि लोक त्या काळात खाडीतले मासे खात राहिले.

बधिरपणा, झोकांड्या, नजर आक्रसणं, हीच लक्षणं का?

मिथाइल पारा सगळा मेंदू सारखा जाळत नाही. दृष्टीकेंद्रातल्या खोल घडीजवळच्या पेशी, स्पर्शाचा भाग आणि लहान मेंदूतल्या बारीक दाणेदार पेशी आधी मरतात. शेजारच्या मोठ्या पर्किंजे पेशी बऱ्यापैकी वाचतात. लहान मेंदू हालचालींचा तोल सांभाळतो, म्हणून चाल आणि उच्चार बिघडतात. दृष्टीकेंद्रात कडेच्या दृश्याचा भाग आधी जातो, म्हणून नजर नळीसारखी होते. इंग्लंडमधल्या बुरशीनाशक कारखान्यातल्या कामगारांवरून हे वर्णन १९४०मध्येच छापून आलं होतं, आणि मिनामाटाचं कोडं सोडवताना जपानी संशोधकांना तेच उपयोगी पडलं.

लक्षणं दिसायला इतका वेळ का लागतो?

चेतापेशी मरायला लागल्या तरी उरलेल्या काही काळ भार उचलतात. तो साठा संपला की एकदम कोसळतं. १९७१–७२च्या हिवाळ्यात इराकमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेतून बियाण्याचा गहू आला, बुरशी लागू नये म्हणून मिथाइल पारा चोळलेला. पेरणीचा हंगाम बऱ्याच ठिकाणी उलटून गेला होता आणि घरात धान्य नव्हतं. पोत्यांवरचा इशारा खेड्यातल्या माणसाला न कळणाऱ्या परक्या भाषांत होता. लोकांनी लाल रंग धुऊन टाकला. रंग गेला म्हणजे विष गेलं असं वाटलं. काहींनी कोंबड्यांना घालून पाहिलं, त्या लगेच मेल्या नाहीत. मग भाकऱ्या झाल्या. कित्येक आठवड्यांनी रुग्णालयं भरू लागली: ६,५३० दाखल, त्यातले ४५९ दगावले. ज्यांनी सावधपणे ‘आधी थोडं खाऊन बघू’ केलं त्यांनाही या उशिरानेच फसवलं.

आणखी भयंकर उदाहरण अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांचं. ऑगस्ट १९९६मध्ये प्रयोगशाळेत डायमिथाइल पाऱ्याचे काही थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर पडले. त्या काळच्या नियमांप्रमाणे त्यांनी सगळी काळजी घेतली होती. पण हा पदार्थ लॅटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातो हे तेव्हा माहीत नव्हतं. जवळपास पाच महिने त्या काम करत राहिल्या. मग तोल जाऊ लागला, बोलणं अडखळलं, आणि तीनेक आठवड्यांत त्या कोमात गेल्या. जून १९९७मध्ये त्यांचं निधन झालं.

गर्भातल्या बाळाला आईपेक्षा जास्त धोका का?

नाळेतल्या रक्तात मिथाइल पारा आईच्या रक्तापेक्षा जास्त साठतो, आणि घडत असलेल्या मेंदूला तो कितीतरी कमी प्रमाणात इजा करतो. मिनामाटात काही आयांना बधिरपणापलीकडे फारसं काही नव्हतं. त्यांची मुलं मात्र मान न धरणारी, बोलता न येणारी, वेड्यावाकड्या हातापायांची जन्मली. वार विषाला अडवते या समजामुळे या मुलांना आधी सेरेब्रल पाल्सी ठरवलं गेलं. १९६२मध्ये त्यांचा आजार मिनामाटाचाच असल्याचं मान्य झालं. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ डबीत जपून ठेवायची रीत आहे. पुढे संशोधकांनी त्या जपलेल्या नाळांतला पारा मोजला, आणि कारखान्याचं उत्पादन वाढलं त्या वर्षांत तोही वाढलेला दिसला. आपल्याकडे पुरलेल्या नाळेने अशी साक्ष दिली नसती.

कमी प्रमाणाचं चित्र इतकं स्वच्छ नाही. फेरो बेटांवर पायलट व्हेलचं मांस खाणाऱ्या आयांच्या, १९८६–८७मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांत सातव्या वर्षी भाषा, लक्ष आणि स्मरणशक्तीत थोडी घट आढळली. सेशेल्समध्ये रोज मासे खाणाऱ्या आयांच्या मुलांत मात्र तसं आढळलं नाही. माशातली चांगली स्निग्धाम्लं आणि सेलेनियम नुकसान भरून काढत असावीत, असं बऱ्याच संशोधकांना वाटतं.

मग मासे सोडायचे का? आम्ही कोकणातले.

नाही. मासे बदला, सोडू नका. मोठा मासा लहान माशांना खातो आणि त्या सगळ्यांचा पारा स्वतःच्या मांसात साठवतो. म्हणून वय आणि आकार बघायचा. तारली, मांदेली, बोंबील, कोळंबी, लहान बांगडा निर्धास्त खा. मोरी किंवा मुशी, म्हणजे शार्क, मोठा कुपा आणि तलवार मासा गरोदरपणात आणि अंगावर पाजताना टाळा, लहान मुलांनाही देऊ नका. सुरमईवरून वाद होतो. अमेरिकेच्या ‘टाळा’ यादीतला किंग मॅकेरल म्हणजे आपली सुरमई नव्हे, ती अटलांटिकातली नातेवाईक आहे. तरी सुरमईही शिकारी मासाच. गरोदर बाईने हातभर लांब सुरमईचे तुकडे रोज खाण्यापेक्षा आठवड्यातून एखाद्या वेळी खावेत, असं माझं मत.

हिशेब सोपा आहे. तज्ज्ञांनी ठरवलेली साप्ताहिक मर्यादा वजनाच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल पारा. ५० किलोच्या बाईला आठवड्याला ८० मायक्रोग्रॅम. ०.०५ पीपीएम (म्हणजे किलोला ०.०५ मिलिग्रॅम) पारा असलेली तारली असेल तर ही मर्यादा गाठायला १.६ किलो खावी लागेल, ०.५ पीपीएमचा शार्क असेल तर १६० ग्रॅम पुरे, म्हणजे एका जेवणातले दोन-तीन तुकडे. आणि आमसूल, हळद, मीठ लावून किंवा आतडी काढून पारा जात नाही. तो मांसाच्या प्रथिनांना घट्ट धरून असतो. तळा, उकडा, काहीही करा.

समुद्रातल्या माशांपेक्षा कारखान्यांच्या खाड्यांचे मासे हा वेगळा मुद्दा. उल्हास नदीच्या मुखाकडच्या गाळात क्लोरिन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या (क्लोर-अल्कली) कारखान्यांमधून आलेला पारा शास्त्रज्ञांनी मोजलेला आहे. तिथल्या खाडीतली मासळी रोजच्या ताटात येत असेल, तर वरचा हिशेब लागू करू नये.

दातात भरलेली ‘चांदी’ काढून टाकू का?

ती चांदी, कथील, तांबं आणि जवळपास ५० टक्के पारा यांचं मिश्रण असते. चावताना किंचित वाफ सुटते, पण मज्जासंस्थेचा आजार होईल इतकी नाही. नीट बसलेली असेल तर काढू नका. ड्रिलने काढतानाच सगळ्यात जास्त वाफ निघते. नवीन भरताना, विशेषतः मुलांना आणि गरोदर बायकांना, दुसरं सिमेंट मागा. युरोपीय संघाने २०२५पासून ही भरणी जवळजवळ बंदच केली आहे.

लशीतल्या पाऱ्याने ऑटिझम होतो का?

नाही. काही लशींच्या अनेक डोसांच्या बाटल्यांत जंतू वाढू नयेत म्हणून थायोमर्सल असतं, त्यातून एथिल पारा निघतो. तो मिथाइल पाऱ्याहून वेगळा आहे आणि काही दिवसांत शरीराबाहेर पडतो. लाखो मुलांच्या अभ्यासांत संबंध आढळलेला नाही. लस चुकवू नका.

रसौषधी आणि पारद शिवलिंग?

रससिंदूर, मकरध्वज यांत पारा गंधकाशी बांधलेला असतो. हा क्षार पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून तो धातूच्या वाफेपेक्षा किंवा मिथाइल पाऱ्यापेक्षा कमी शोषला जातो. पण बाटलीतलं औषध ग्रंथातल्या पद्धतीनेच केलं आहे याची खात्री कोण देणार? २००८मध्ये अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं. आपल्या औषध कायद्यानेही पारद, हिंगूळ, रसकर्पूर विषारी द्रव्यांच्या यादीत टाकले आहेत आणि वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्या असा इशारा डब्यावर सक्तीचा केला आहे. गरोदरपणात नकोतच. ‘पूर्वापार घेत आलो’ हा पुरावा नव्हे. बुजरेपणा आणि विसराळूपणा पूर्वजांनाही आला असेल, पण त्याचं खापर कुणी औषधावर फोडलं नसेल. पारद शिवलिंगावर अभिषेक केलेलं दूध-पाणी पिऊ नका आणि ते उन्हात किंवा दिव्याजवळ ठेवू नका. श्रद्धेला हात न लावता एवढं पाळता येतं.

गोरेपणाच्या क्रीमचा मेंदूशी काय संबंध?

पारा त्वचेतलं रंगद्रव्य बनणं थांबवतो, म्हणून फसव्या क्रीममध्ये तो घालतात. बहुतेकांना आधी मूत्रपिंडाचा त्रास होतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले आहेत. सोबत झोप न लागणं, हाताला कंप, हातापायांची आग असू शकते. २०१९मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत एक बाई क्रीममध्ये मिसळलेल्या मिथाइल पाऱ्यामुळे अर्धवट शुद्धीत गेली. कंपनीचं नाव-पत्ता नसलेली आणि आठवड्यात फरक दाखवणारी डबी घरात असेल तर मुलांनाही त्यापासून दूर ठेवा. टॉवेल-उशीवरून ती त्यांच्या अंगाला लागते.

तपासणी कोणती करायची?

वाफ किंवा क्षारांचा संशय असेल तर लघवी, माशाचा असेल तर रक्त किंवा केस. केसात मिथाइल पारा रक्ताच्या सुमारे २५० पट साठतो आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे कधी किती खाल्लं याचा मागोवाही लागतो. आधी शरीरातला पारा बाहेर काढणारं औषध देऊन मग लघवी तपासणाऱ्या ‘डिटॉक्स’ केंद्रांपासून लांब राहा. त्या औषधाने निरोग्याचाही आकडा वाढतो, आणि मग उपचार विकायला मोकळे.

गेलेल्या चेतापेशी परत येतात का?

मेलेल्या येत नाहीत. वाफेच्या सौम्य विषबाधेत स्रोत थांबवल्यावर कंप आणि चिडचिड कित्येकदा ओसरते. मिथाइल पाऱ्यात आशा कमी. शरीरातला पारा बांधून लघवीवाटे काढणारी डीएमएसएसारखी औषधं साठा घटवतात, पण झालेली इजा भरून काढत नाहीत. बीएएल हे जुनं इंजेक्शन मिथाइल पाऱ्यात देऊ नये. ते पारा मेंदूत ढकलू शकतं. औषधाआधीचा उपचार म्हणजे स्रोत शोधून बंद करणं. मिथाइल पाऱ्याचं प्रमाण अंदाजे दोन-अडीच महिन्यांत निम्मं होतं. म्हणून मूल हवं असेल तर मोठे शिकारी मासे सहा-आठ महिने आधीपासून कमी करा, गरोदर असल्याचं कळल्यावर नव्हे.

घरात जुना थर्मामीटर आणि आजोबांचं बीपीचं यंत्र आहे. काय करू?

बीपीच्या जुन्या यंत्रात थर्मामीटरच्या साठ-सत्तर पटींहून जास्त पारा असू शकतो, त्यामुळे तेच आधी हलवा. नळी उभी ठेवून घट्ट पिशवीत बांधा, भंगारवाल्याला देऊ नका. घनकचरा नियमांत फुटके थर्मामीटर, सीएफएल आणि ट्यूबलाइट हा घरगुती घातक कचरा आहे. तो वेगळा घेणं ही पालिकेची जबाबदारी. घंटागाडीवाल्याने नाही म्हटलं तर वॉर्ड ऑफिसात संकलन केंद्र विचारा. पाऱ्याची उपकरणं हटवण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय मिनामाटा करार २०१३मध्ये जपानमधल्या कुमामोतोत झाला आणि भारताने तो १८ जून २०१८ रोजी मान्य केला, तेव्हा डिजिटल थर्मामीटर घ्यायला आता काही अडचण नाही. सेल संपला की चुकीचं तापमान दाखवतो, एवढं लक्षात ठेवा.